कडुलिंबाने नाकारलेला पाला

झाडं अजून माणसांशी बोलत होती, त्या काळी एका कातकरवाडीत सोमी नावाची वैदीण राहत होती. कुणाला साप चावला की ती दारच्या कडुलिंबाचा पाला चावायला देई. पाला कडू लागला नाही, तर विष चढलं असं समजत, आणि तोच पाला खाऊ घालून ते उतरवू पाहत.

एकदा भात कापताना तिच्या नवऱ्याला, बारकूला, नाग चावला. सोमी त्याला पाठुंगळी घेऊन धावत झाडाशी आली, तर झाडाने फांद्या वर ओढून घेतल्या.

"बाये, रक्तातलं विष माझ्याने उतरत नाही. याला तालुक्याच्या दवाखान्यात ने."

"वैदीणच दवाखान्यात गेली, तर माझ्यावर कोण विश्वास ठेवील?"

"बारकूच्या पापण्या बघ," झाड म्हणालं.

त्या मिटत चालल्या होत्या. सोमीने हाका मारून माणसं जमवली आणि डोली उचलायला लावली.

बारकू वाचला. घरी आला तेव्हा पायाची जखम अजून ओली होती. डॉक्टरांना विचारून सोमीने पाला मागितला, तेव्हा झाडाने फांदी खाली वाकवली. पाला उकळून निववलेल्या पाण्याने ती जखम धुऊ लागली.

"झाडाने तेव्हाच पाला दिला असता तर?" बारकूने विचारलं.

"तर आज मी तुझा पाय धूत नसते," सोमी म्हणाली.