मंगळवारचा भाग

मिरजेच्या नाट्यगृहात एका गाजलेल्या मालिकेचे निर्माते खानापुरेसाहेब प्रेक्षकांना भेटायला आले होते. प्रेक्षक गोंधळलेले. नायक खरंच मेला का? परत आलाय तो तोच की त्याचा भाऊ? साहेब मात्र खूश होते. म्हणाले, "पुढे काय होणार हे कुणालाच कळत नाही, हीच आमची ताकद."

मागच्या रांगेतून कुमुदताई बेलसरे उठल्या. "ते असू दे. जुनं शीर्षकगीत तेवढं परत लावा. हे नवं ढिंगच्याक नको."

"ताई, त्याला पॉप म्हणतात. तुम्हाला नाही कळायचं." साहेब हसले. "बरं, उद्या मंगळवार. उद्याच्या भागात काय होणार ते बरोबर सांगा, जुनं गाणं परत लावतो."

लग्न मोडेल, सासू पडेल, अशी कुजबुज सुरू झाली.

कुमुदताई म्हणाल्या, "काहीच होणार नाही."

"म्हणजे?"

"बेल वाजेल, मग ढणढण संगीत, आणि पुढे कुणी बोलणारच नाही. घडायचं ते सगळं रविवारच्या तासाभराच्या भागात. चुकलं असेल तर सांगा ना, उद्या काय होणार?"

साहेबांनी शेजारी बसलेल्या लेखकाकडे पाहिलं. लेखक पाण्याची बाटली उघडत बसला. नाट्यगृह हसलं.

"लावतो गाणं," साहेब म्हणाले. "पण काही होतच नाही, तर मालिका बघता कशाला?"

"बघत नाही हो. पोळ्या करताना पाठमोरी ऐकते. आमचे हे टीव्हीबरोबर ते गाणं म्हणायचे. लागलं की वाटतं, मागे बसलेत."