दिवा लुकलुकत होता तोवर

एकदा एका आमरसाच्या कारखान्यात एक संगणक गेला. गेला म्हणजे काय, पंखा गरगर फिरत होता, पण पडदा काळा ठिक्कर. डब्यांवर चिकटवायची सगळी लेबलं त्याच्याच पोटात. पाच वाजता टेम्पो निघणार, आणि बिनलेबलाचा डबा घेतो कोण? आत आमरस आहे की भिंतीला लावायचा पिवळा रंग, फोडल्याशिवाय कळायचं कसं!

हे पुण्यकर्म वासूचं. वासू म्हणजे बाबलतात्यांचा चेला. तात्यांनी आधी रेडिओ दुरुस्त केले, मग टीव्ही, आता संगणक. वासू त्यांच्याकडे तीन वर्षं शिकत होता आणि त्यातली अडीच वर्षं त्याला आपलं सगळं शिकून झालंय असंच वाटत होतं. कारखान्याचे शेट नुसतं म्हणाले होते, "यंत्र उठायला फार वेळ लावतं रे." झालं! वासूने मदरबोर्डातला, यंत्र उठवणारा जुना प्रोग्राम काढून नवा भरायला घेतला. पडद्यावरची पट्टी साठ टक्क्यांपर्यंत पळाली आणि तिथेच बसली. एक मिनिट गेलं, दोन गेली. वासूचे हात शिवशिवायला लागले. "अडकलं," असं म्हणून त्याने खटकन वीज बंद केली. पुन्हा चालू केली, तर हा काळोख.

"अरे, सकाळपर्यंत चांगलं हळूहळू चालत होतं की!" शेट डोक्याला हात लावून म्हणाले. "आज माल गेला नाही, तर तुला मी या दारात उभा करणार नाही."

वासूने घाबरत तात्यांना फोन केला. तात्या आले ते काखेत फणस मारून आणि खांद्याला पिशवी अडकवून.

"तात्या, हत्यारं कुठायत?"

"ही काय कोयती."

"मी संगणकासाठी बोलावलंय," शेट कडाडले, "बारशाला नाही!"

तात्यांनी ते कानाआड केलं. संगणकाची पाठ फिरवून त्यांनी बोट दाखवलं. "हे बारकं बटण बघ. बोर्ड बनवणाऱ्याला ठाऊक होतं, जगात वासू असतात. म्हणून त्याने प्रोग्राम पुन्हा भरायची ही सोय ठेवलीय. पेनड्राइव्हवर त्या नव्या प्रोग्रामचीच फाइल घाल. नाव बोर्डाला हवं तेच दे, एक अक्षर इकडेतिकडे नको."

वासूने आपल्या लॅपटॉपवर फाइल तयार केली, पेनड्राइव्ह सांगितलेल्या जागी खोचला आणि बटणाकडे हात नेला.

"थांब. आधी फणस फोड."

"आत्ता?"

"आत्ता."

"बरं, हाताला लावायला तेल द्या."

"विसरलो बघ."

बिनतेलाचा फणस फोडायचा म्हणजे काय, ते ज्याने केलंय त्यालाच ठाऊक. वासूने वर्तमानपत्र पसरलं नि कोयती चालवली. मनगटापर्यंत चीक माखला, बोटाला बोट चिकटलं, तेव्हा कुठे तात्यांनी स्वतः ते बारकं बटण दाबलं. शेजारचा दिवा लुकलुकायला लागला.

तीन मिनिटं बरी गेली. मग दिवा लुकलुकायचा थांबला, नुसता जळत राहिला.

"तात्या, बसला! बंद करून परत लावूया!" वासू उडी मारून उठला, तर एका हाताला अख्खं वर्तमानपत्र, दुसऱ्याला कोयती. झटकली तरी सुटेना. निवडणुकीचा झेंडा घेतल्यासारखा कागद फडकवत तो तसाच विजेच्या बटणाकडे निघाला.

"राहू दे, मीच करतो," म्हणत शेट पुढे सरसावले.

"शेट, हे जरा धरा हो, पडतंय," तात्यांनी अर्धा फणस त्यांच्या दोन्ही हातांत कोंबला. शेटनी तो तान्ह्या पोरासारखा छातीशी धरला. इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टासकट.

आता चार हात गुंतले. दोन चिकट माणसं त्या दिव्याकडे बघत उभी. दिवा पुन्हा लुकलुकायला लागला, बराच वेळ लुकलुकला आणि आपला आपण विझला. तात्यांनी स्वच्छ हाताने संगणक सुरू केला. पडदा उजळला. लेबलं जागच्या जागी होती.

मग तात्यांनी पिशवीतून खोबरेलाची बाटली काढली.

"तात्या! तेल होतं?"

"होतं. दिलं असतं, तर हात पुसून तू पहिला बटणापाशी गेला असतास. अरे, सकाळीही बोर्ड कामच करत होता. जुनं पुसून झालं होतं, नवं अर्धं लिहून झालं होतं. तुला हालचाल दिसेना, म्हणून तू ठरवलंस की काम होत नाहीये. तुझी विद्या खोटी नाही रे. फक्त काही न करता बसणं तुला येत नाही. ते मी तोंडाने तीन वर्षं सांगितलं. आज म्हटलं, फणसाचं ऐकतोस का बघू."

वासू हातांना तेल चोळू लागला.

साडेतीन वाजले होते. त्याने लेबलं छापायला लावली. प्रिंटर नुसता घुर्रघुर्र करत राहिला, कागद काही येईना.

"अडकलं बघ!" शर्ट चोळत शेट ओरडले. "ओढ ती पिन! अरे, बघत काय बसलास?"

खुर्चीवर नीट मागे सरून वासूने दोन्ही हात मांडीखाली घातले.

तात्या गरा तोंडात टाकून खिडकीबाहेर बघत होते, जणू त्यांना काही दिसलंच नाही. प्रिंटर एकदा कण्हला, आणि पहिलं लेबल हळूच बाहेर आलं.