टाकीखालची ताटली

टाक्या बोलायच्या त्या काळी एका डबक्यात होती एक बेडकी, अन् काठावर होती एक डिझेलची टाकी. टाकीचा नळ गळायचा. पाण्यावर तवंग आला अन् बेडकीची निम्मी अंडी नासली.

बेडकी म्हणाली, "टाकीबाई, भोवती बांध घालून घ्या."

"थेंबभर तर गळतं! मी काय चोर आहे, कोंडायला?"

"चोर कशाला? घरोघरी तेलाच्या बरणीखाली ताटली असते. बरणी कधी रुसली का हो?"

टाकी हळूच म्हणाली, "घाल बाई. पण मी अख्खी सांडले तरी मावेन एवढा घाल."

डबक्यातल्या खेकड्यांनी चिकणमाती आणून बांध घातला. पाणी निवळलं. पंधरवड्यात बेडकीच्या उरलेल्या सगळ्या पिल्लांना पाय फुटले.