कोरडी डोण

देवळांना कुलपं नव्हती आणि माणसांना घाई नव्हती, तेव्हाची ही फार फार जुनी गोष्ट.

एका डोंगराच्या कुशीत महादेवाचं देऊळ होतं. डोंगरातला झरा थेट पिंडीवर पडे आणि दगडी पन्हळीतून देवळाबाहेर वाही. महादेवाची प्रदक्षिणा कशी घालतात, ते तुम्हाला ठाऊक असेलच. पन्हळीपर्यंत जायचं आणि तिथूनच मागे फिरायचं. पन्हळ ओलांडायची नाही.

साळू कुंभारणीच्या गावात मात्र एकच देऊळ, तेही देवीचं. तिथे सगळे पूर्ण फेरी मारत. साळूची लेक राही पहिलटकरीण होती, दिवस भरले होते. "आई, तू जवळ असशील ना गं?" असं ती रोज विचारी. "महादेवाला पाणी घालते आणि दुपारच्या आत येते," असं सांगून साळू घागर घेऊन निघाली.

गाभाऱ्यात घोटाभर पाणी साचलं होतं. त्यात उभी राहून साळूने पिंडीवर घागर रिती केली आणि ती प्रदक्षिणेला निघाली. डोक्यात लेक, ओठांवर देवाचं नाव, आणि पाय आपले सवयीने चाललेले. पन्हळ कधी ओलांडली, तिला कळलंसुद्धा नाही.

"अगं बये, ओलांडलीस की!" पायरीवर बसलेली एक बाई किंचाळली.

झालं! माणसं गोळा झाली. "लेकीचे दिवस भरलेत, तिच्या काळजीत भान राहिलं नाही हो," साळू म्हणाली. सल्ला द्यायला कुणाच्या बापाचं काय जातं? एक म्हणाला, उपास कर. दुसरा म्हणाला, गुडघ्यांवर उलटी फेरी घाल. आणि ती बाई म्हणाली, "घरी भरल्या दिवसांची लेक आहे ना तुझी? मग अमावास्या होईपर्यंत तिच्यावर तुझी सावली पडू देऊ नकोस. नाहीतर काय होईल, ते मी नाही सांगत!"

घरी जावं तर लेकीचं वाईट होणार, न जावं तर लेक एकटी पडणार. साळू बेलाच्या झाडाखाली बसून रडू लागली.

तेवढ्यात देवळाचा म्हातारा गुरव काठी टेकत आला. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पन्हळ का ओलांडायची नाही, ते सांगितलं का गं यांनी तुला?"

साळूने नाही म्हणून मान हलवली.

"मग मी सांगतो. एका वर्षी पाऊस पडला नाही. सगळ्या मुलखात हा एवढा झरा उरला. पन्हळीतून जाणारं पाणी खालच्या दगडी डोणीत पडे आणि गुरं ते पीत. पण दर्शनाला येणारी माणसं धुळीच्या पायांनी पन्हळ तुडवून जात. एका गाईने ते गढूळ पाणी हुंगलं आणि ती पिंडीसमोर येऊन हंबरली. तेव्हा देव बोलला, 'माझ्या माथ्यावरून उतरलेलं पाणी मुक्या जिवांचं आहे. त्यात पाय घालू नका.' एवढीच ती आज्ञा."

"म्हणजे मी मुक्या जिवांच्या पाण्यात पाय घातला!" साळू आणखीच रडू लागली.

"पाण्यात? बघ तरी."

साळूने डोळे पुसून पाहिलं. पन्हळ कोरडी ठणठणीत होती. खाली डोणीत पाचोळा पडला होता, आणि डोणीभोवती गाई वाट बघत उभ्या होत्या.

"निर्माल्य टाकून टाकून पन्हळ तुंबली," गुरव म्हणाला. "घाण काढायची तर दोन्हीकडे पाय टाकून उभं राहावं लागतं. म्हणजे ओलांडणं आलं! माझे गुडघे वाकत नाहीत, आणि पापाला भिऊन दुसरं कुणी पुढे होत नाही. तू तर बाई, ओलांडूनच बसली आहेस."

साळूला रडता रडता हसू फुटलं. तिने पदर खोचला, पन्हळीच्या दोन्हीकडे पाय रोवले आणि चिखलात मुरलेले हात आत घातले. कुजलेला बेल, फुलं, गाळ, सगळं तिने ओढून काढलं. मग ती किंचाळणारी बाई गुपचूप पुढे आली आणि तिने टोपलं धरलं.

आत कुठेतरी गुडगुड झालं आणि पाणी खळाळत बाहेर आलं. गाईंनी डोणीत तोंडं घातली.

"आता लेकीकडे जाऊ ना हो, बाबा?"

"अजून इथेच आहेस? पळ!"

साळू धावतच घरी पोचली. राहीच्या कळा सुरू झाल्या होत्या. आईचा हात हातात आला तशी ती शांत झाली, आणि दिवस मावळायच्या आत घरात बाळाचं रडणं ऐकू आलं. साळूचा जीव भांड्यात पडला.

त्या देवळात आजही पन्हळ कुणी ओलांडत नाही. फक्त श्रावणाच्या आदल्या दिवशी पदर खोचून, धोतर आवरून सगळे ती ओलांडतात, गाळ काढतात आणि डोण भरलेली पाहूनच घरी जातात.

तात्पर्य: रीत पाळणाऱ्याने ती कुणासाठी पडली हेही लक्षात ठेवावं, नाहीतर रीत राहते आणि डोण कोरडी पडते.