पपईचा चीक

फार जुनी गोष्ट. एका माळावर एकटीच पपई होती. तिचा चीक अंगाला झोंबतो, म्हणून जवळ कुणी फिरकत नसे.

एकदा पायाची जखम चिघळलेलं मुंगूस लंगडत आलं. पपई म्हणाली, "खोडावर नख मार आणि चीक जखमेला लाव. झोंबेल, पण सडलेली कातडी निघून जाईल."

मुंगूस रोज येऊ लागलं. चीक लावून घटकाभर गप्पा मारत बसे. जखम भरत आली, तशी आता हे यायचं थांबेल म्हणून पपई धास्तावली. आज चीक आटला, उद्या ये असं सांगावं, असं तिच्या मनात आलं.

"पपईताई, आज एकदा दे, की झालंच," मुंगूस म्हणालं.

पपईने चीक दिला.

मुंगूस माळावरून सुसाट पळत गेलं. त्याला पळताना तिने पहिल्यांदाच पाहिलं. खोडावरचा ओरखडा अजून ओला होता.