शेगडीतला कोळसा

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. वर दाट जंगल, जंगलातून येणारा ओढा आणि त्या ओढ्यावर अख्ख्या गावाचं पाणी. जंगलाच्या कडेला एक कोळसेवाला बायकोसह राहायचा. झाडं तोडून भट्टी लावायची आणि कोळसा गावात विकायचा, हाच त्याचा धंदा.

हळूहळू डोंगर बोडका झाला. एका उन्हाळ्यात ओढा पूर्ण आटला, तेव्हा कुठे गावाला जंगलाची आठवण झाली.

"हा सगळा त्या कोळसेवाल्याचा उद्योग. हाकला त्याला," लोक म्हणाले आणि त्याला पारापुढे उभं केलं. त्याच्या बायकोला दिवस गेले होते. गावाने हाकललं तर जायचं कुठे, हा एकच विचार त्याच्या डोक्यात घोळत होता.

त्या गावाची एक जुनी रीत होती. ज्या मालावरून तंटा, तो माल ज्याने घरात घेतला असेल, त्याने न्याय करायला पारावर बसायचं नाही.

पारावर पाटलांसोबत बसलेल्या पंचांत एक म्हातारी सुईण होती. ती गुडघ्यावर हात टेकून उठली आणि पारावरून खाली उतरली.

"आजी, कुठे निघालात?" पाटलांनी विचारलं.

"मला बसता यायचं नाही. या गावातली सगळी पोरं मी ह्याच्याच कोळशावर शेकली. भर पावसात भिजत ह्याने कोळसा आणून दिलाय. ह्याचे उपकार आहेत माझ्यावर. मग तुटलेल्या झाडांतही माझा वाटा आहेच की."

लोहार चुळबुळला. त्याची भट्टी याच कोळशावर पेटायची. तोही उतरला. मागोमाग हलवाई उठला. "आम्ही भाव पाडून घ्यायचो, म्हणून त्याला जास्त तोडावं लागायचं," तो पुटपुटला.

पारावर एकटे पाटील उरले. त्यांनी निकाल दिला असता तर अडवणारं कोणी नव्हतं. पण त्यांचा तान्हा नातू त्याच सकाळी याच कोळशाचा शेक घेऊन गाढ झोपला होता. पाटील खाली उतरले आणि कोळसेवाल्याशेजारी जाऊन उभे राहिले.

"दुसरं काही का नाही केलंस रे?"

"शेती केली असती, पाटील. पण सपाटीची सगळी जमीन तुमची. आम्हाला डोंगरच उरला."

पाटलांची ओढ्याकाठची जमीन कित्येक वर्षं पडीक होती. मान खाली घालून ते म्हणाले, "उद्यापासून ती तू कस. ती तुझीच."

गावानेही ठरवलं, कोळसा ज्याने त्याने वाळक्या फांद्यांचाच पाडायचा आणि निघेल तेवढ्यात भागवायचं. हलवायाची जिलबी सणापुरती उरली. मुलं थोडे दिवस रुसली, इतकंच.

पावसाळा सरताना कोळसेवाल्याच्या घरी मुलगी झाली. तो आता शेतात राबत होता, भट्टी लावली नव्हती, आणि बाळंतिणीच्या शेगडीला घरात कोळसा नव्हता. सकाळी दार उघडलं तर समोर सुईण उभी. तिच्यामागे गावातल्या बायका होत्या. प्रत्येकीच्या पदरात आपल्या घरून राखून आणलेला मूठभर कोळसा होता.

आयुष्यभर कोळसा विकणाऱ्या माणसाला पहिल्यांदाच कोणी कोळसा दिला होता. त्याने हात जोडले. पुढे ती मुलगी घागर उचलण्याएवढी झाली, तेव्हा डोंगर पुन्हा झाडांनी भरला होता आणि भर उन्हाळ्यातही ओढ्याला पाणी होतं.

तात्पर्य सांगायचं तर इतकंच: कुऱ्हाड एकाच्या हातात दिसते, पण तिने तोडलेल्या लाकडाची ऊब सगळ्यांनी घेतलेली असते. त्या उबेची जाण ठेवून कुऱ्हाड धरणाऱ्याच्या पोटाची सोय केली, तर जंगल वाचतं आणि माणूसही.