दही कुणी घुसळलं?

नवी पिकअप थरथरते, हे कौसाबाईचं म्हणणं कुणीच खरं मानलं नाही. नवरासुद्धा म्हणाला, "तुलाच नीट चालवता येत नसेल." घट्ट विरजलेलं दही गाडग्यांतून ती तालुक्याला न्यायची, पण पोचेपर्यंत त्याचं ताक झालेलं असायचं. परवा एका लग्नात आचाऱ्याने भर पंगतीत गाडगं उपडं केलं. "बघा हो, हे कौसाबाईचं दही!" मेल्याहून मेल्यासारखं झालं तिला. तोंडाला पदर लावून ती तशीच गाडी घेऊन शोरूमला गेली.

मॅनेजर गिऱ्हाइकांदेखत हसला. "गाडी मी स्वतः तपासून दिलीय. गाडी नाही, बाई, तुमचे हात थरथरतात."

सगळे खिदळले. कौसाबाई गाडी तिथेच टाकून खालमानेने घरी गेली.

दुसऱ्या दिवशी ती एसटीने आली, मांडीवर दह्याचं गाडगं घेऊन. दही सगळ्यांना दाखवलं, गाडगं पिकअपमध्ये ड्रायव्हरच्या सीटशेजारी ठेवलं आणि मॅनेजरला म्हणाली, "आता तुम्ही चालवा. मी इथंच बसते."

नाक्यापर्यंत जाऊन तो परत आला, तेव्हा गाडग्यात ताक होतं आणि त्याच्या पँटवरही.

"साहेब, माझे हात तर इथं मांडीवर होते. एसटीच्या खटाऱ्यात न मोडलेलं दही तुमच्या नव्या गाडीत कुणी घुसळलं?"

शोरूमचा मेकॅनिक गाडीखाली शिरला आणि तिथूनच ओरडला, "अहो, चासीला तडा आहे! ही गाडी तपासली कुणी?"

आता कुणी हसेना. मॅनेजर पँट पुसत राहिला.

"सांगा की," कौसाबाई म्हणाली. "माझं नाव भर पंगतीत घेतलं त्यांनी. तुम्ही तुमचं इथं घ्या."

मान खाली घालून तो पुटपुटला, "वसंत खर्शीकर."